ओळखणारी

"सगुणा... नाथा... दिवेकर," धाकटी जाऊ मोठ्याने म्हणत होती आणि फॉर्मवरच्या चौकोनांत एकेक अक्षर बसवत होती. ओटीवर पालथी पडून, पाय हलवत, शाळकरी पोरीसारखी.

तांदूळ निवडता निवडता जनीचा हात सुपातच थांबला. चुकलं, हे तिला लगेच कळलं. पण खाली मान घालून ती खडे वेचत राहिली.

धाकटीच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. नाथाने ताटातल्या तांदळांत अंगठीने 'सगुणा' लिहिलं आणि माहेरची उर्मिला गोविंदा भोईर मागे राहिली. कासूतल्या घरात ते नाव कुणी घेत नसे. बारावीच्या गुणपत्रिकेवर मात्र उर्मिलाच होती. आणि विद्यापीठ गुणपत्रिकेवरच्या बाईलाच ओळखतं, हे जनीला चौदा वर्षांपासून ठाऊक होतं.

"सावकाश लिव गो," सासू काशीबाई आतून म्हणाली. "लावणीला आज नाय आलीस तरी चालंल. दोघीत एक तरी शिकलेली सून हवी घरात."

एक तरी! जनीच्या कानात कढत तेल ओतल्यासारखं झालं. तीही बारावी होऊनच या घरात आली होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, धावीर महाराजांच्या दर्शनाचं निमित्त करून, ती रोह्याला फॉर्म भरायला गेली होती. टेबलापलीकडच्या माणसाने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एकावर मालती, एकावर जनी.

"दोन्ही बाया एकच, असं तहसीलमधून लिहून आणा. सोबत सासरचं कुणीतरी ओळखणारं लागेल."

सासरचं कुणाला विचारणार? पोटात पाच महिन्यांचं मूल, शेतात भात उभं. तिने तो फॉर्म पिठाच्या डब्याखाली अंथरला. दमट होऊन त्याचा लगदा होईपर्यंत तो तिथेच होता.

आणि हिला लावणीतून सुट्टी!

"वैनी, जरा वाचून बगा ना," सगुणाने फॉर्म पुढे केला. "काय ऱ्हायलं तर?"

"मला काय कळतंय त्यातलं?" जनी म्हणाली.

खोटं बोलायचं नाही, हे तिचं चातुर्मासाचं व्रत. अजून आठवडा झाला नव्हता आणि ते मोडलं. तिने सूप उचललं आणि ती परसात निघून गेली.

फॉर्म द्यायला गेलेली सगुणा दुपारी पेणहून परतली ती तोंड पाडूनच.

"नाव जुळत नाय म्हनं. तहसीलमधनं कागद हवा, नि घरचं मानूस हवं बरोबर. उद्याचा शेवटचा दिस." ती ओटीवर मटकन बसली. "ह्यांना तर रजा मिळायची नाय. थोरले भावजी मुंबईत."

काशीबाईने गुडघ्यावर हात फिरवला. "माज्यानं तर पेणपातूर यायचं नाय गो. ऱ्हाऊ दे. फुडल्या वर्षी बगू."

पुढच्या वर्षी काय असतं, ते जनीला कुणी सांगायला नको होतं. तिला बरं वाटलं. गूळ खाल्ल्यासारखं, जिभेच्या टोकापासून थेट पोटापर्यंत बरं वाटलं. त्या गोडीचीच तिला भीती वाटली. दिवेलागणीला तुळशीपुढे हात जोडले, तर रोजचं स्तोत्र दुसऱ्या ओळीला अडलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडलं. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

सकाळी तिने धाकटीच्या अंगावर इस्त्रीची साडी टाकली. "ऊठ गो. पेणला जायचंय."

"अन् लावणी?" काशीबाईने विचारलं.

"आज दोघीबी नाय," जनी म्हणाली. इतक्या वर्षांत ती सासूला असं प्रथमच बोलली असेल.

तहसील कचेरीतल्या कारकुनाने मान वर केली नाही.

"ओळखणाऱ्या कोण?"

"मी. हिची मोठी जाऊ."

"हिला कोणत्या नावाने ओळखता?"

"आता सगुणा. पन ही उर्मिला गोविंदा भोईर. दोन्ही एकच बाई."

"तुमचं शिक्षण?"

जनीने पदर सारखा केला. "बारावी पास."

सगुणा वळून बघतच राहिली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिने विचारलं, "वैनी, तुमी बारावी? कदी बोललात नाय!"

"कुनी विचारलं होतं?"

सगुणा दोन पावलं चालली आणि थांबली. "म्हंजे काल... माजं चुकतंय, ते तुमाला कळलं होतं?"

जनी पागोळ्यांपासून मागे सरली.

"व्हय," जनी म्हणाली. "कळलं होतं. माज्या पोटात दुखलं, गो. म्हनून नाय बोलले."

सगुणाचा चेहरा लाल झाला. छत्रीही न उघडता तशीच झपझप पुढे चालू लागली. जनी चार हात अंतर ठेवून तिच्या मागून गेली.

विद्यापीठाच्या केंद्रावर रांग मोठी होती. जनी दाराबाहेर उभी राहिली. आत जायला तिला कुणी मना केलं नव्हतं, पण पाय उंबऱ्याशीच थबकले. आत पोरीच पोरी होत्या, हातात फायली, एकमेकींच्या फॉर्ममध्ये डोकावत खिदळणाऱ्या. त्यांच्याकडे बघताना जनीला वाटलं, हे काही कालच्यापेक्षा कमी दुखत नाही.

तासाभराने सगुणा बाहेर आली. क्षणभर घुटमळली आणि मग हातातली पावती तिने जनीपुढे धरली.

जनीने ती दोन्ही हातांनी घेतली. विद्यापीठाचं नाव. त्याखाली, उर्मिला ऊर्फ सगुणा. प्रथम वर्ष, कला. तिने वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"वैनी," सगुणा हळूच म्हणाली, "गाडी सुटंल."

जनीने पावती परत दिली. कोपऱ्यावर मिनिडोर रिक्षावाला "वडखळ, कासू!" म्हणून ओरडत होता. दोघी मागच्या बाकावर बसल्या, मधे छत्री ठेवून.

पावतीवरचा शिक्का अजून ओला होता. त्याची जांभळी शाई जनीच्या अंगठ्याला लागली होती. तिने ती पदराला पुसली नाही. अंगठा मुठीत झाकून ती बाहेर बघत बसली.