डावखुरी गाठ

आचलने बांधलेला पुडा शामकलाने उचलला, तर त्यातली निम्मी तेंदूची पानं भुईवर गळून पडली.

"काकी, मी तर घट्टच बांधला होता," आचल ओशाळून म्हणाली.

"राहू दे बाई. डावरा हात हाय तुया. जमंल हळूहळू."

आचल आणि तिचे चार सोबती गोंदियाच्या कॉलेजातून सालेकशाच्या डोंगरातल्या या गावी आले होते, पंधरा दिवसांचं सुट्टीतलं शिबिर घ्यायला. शाळेच्या पडवीत सकाळी गाणी, चित्रं, गोष्टी. पहिल्या दिवशी तीन पोरं आली, दुसऱ्या दिवशी एक, तेही नाक पुसत. मे महिन्यात इथे सारं गाव पहाटेच बिडीसाठीचा तेंदूपत्ता तोडायला जातं आणि मग दुपारपर्यंत घरोघरी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतं, पोरासोरांसकट. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्या शहाण्यांनी विचारलंही नव्हतं.

दुसरं कोणी असतं तर गाशा गुंडाळून गोंदियाची गाडी धरली असती. या पोरांनी तसं केलं नाही. हिमांशू एकटा शिकवायला उभा राहिला आणि बाकी चौघं एकेका ओसरीवर जाऊन बसले. पोरांना शाळेत धाडा, त्यांच्या वाटचे पुडे आम्ही बांधतो, म्हणाले. शामकलाला हे फार आवडलं. तिची दहा वर्षांची अंजू तर चित्रांच्या वहीसाठी आसुसली होती.

पण पुडे! पहिल्याच संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेतात त्या खरेदीच्या जागी, ठेकेदाराच्या मुन्शीने आचलचे सगळे पुडे बाजूला सारले. तेव्हापासून आचल गेली की शामकला दुपारी ते एकेक सोडायची आणि पुन्हा बांधायची.

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," उदाराम नवऱ्याच्या हक्काने बोलला. "कायले डबल काम करून राहिली? अंजूले घरी ठेव ना."

"ठेवाची नाई," शामकला म्हणाली, आणि पानं जुळवत राहिली.

आठव्या दिवशी आचल विसरलेली पाण्याची बाटली न्यायला परत आली. ओसरीवर तिच्याच पुड्यांच्या गाठी सुटत होत्या. ती दारातच थांबली.

"रोज?"

"रोज."

"मग मला येऊ का देता, काकी?"

शामकलाने हातातलं पान मांडीवर ठेवलं.

"मले एकटीले कामात सोडून अंजू उठली नसती. दीदी बसली हाये म्हणून ते जाते. तू येजो उद्याबी."

पुडे बांधायच्या पळसाच्या वाकाने आचलची बोटं सोलवटली होती. तिने ती कुर्त्याला पुसली, शामकलासमोर बसकण मारली आणि एक पुडा ओढून घेतला.

"गाठ दाखवा. सावकाश."

शाळेकडून गाण्याचा आवाज येत होता. त्यात अंजूचा सगळ्यात वरचा.

शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी शामकला आपल्या पुड्यांपाशी फळीवर उभी होती. मुन्शीने एक पुडा उचलला, जोराने झटकला. एक पान हललं नाही. त्याने तो रांगेत ठेवला.

शामकलाने वाकून पाहिलं. गाठ डावीकडून मारलेली होती.