उशाकडची पाटी

या दवाखान्यात सगळ्यांत वजनदार शब्द माझा. मोठे डॉक्टरसुद्धा आधी माझ्याकडे बघतात, मग रोग्याकडे. मी म्हटलं उपाशी, की चौघांचं जेवण एकटा हाणणारा पैलवानही लाळ गिळत पडून राहतो. एवढी बढाई मारलीच आहे, तर हेही सांगून टाकतो की मला वाचता येत नाही. माझ्या तोंडावर काय लिहिलंय ते मी आजवर पाहिलेलं नाही.

मी उशाकडची पाटी. जन्माने पत्रा, कामाने पाटी. तेव्हा ‘बोलतोय’ म्हणावं की ‘बोलतेय’, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो. औषधांच्या मोडक्या कपाटाचं दार कापून मला काढलं. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरकडे थोडा रंग उरला होता. त्याने म्हणे एका बाजूला लाल अक्षरांत ‘उपाशी’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला हिरव्या अक्षरांत ‘पातळ चालेल’. वर एक भोक, त्यात सुतळी. झालं माझं शिक्षण.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला खाटेच्या कठड्याला अडकवतात. ऑपरेशननंतरही मी काही दिवस तिथेच. माझी कुठली बाजू समोर आहे, ते मी माणसांच्या चेहऱ्यांवरून ओळखतो. तोंडं पडली की लाल, उजळली की हिरवी. पण माणसंही अशी, की एकदा एका रोग्याची सासू लाल बाजू वाचून खुदकन हसली. आता यावरून मी काय समजायचं?

मला एक खोड आहे. पंख्याच्या वाऱ्याने मी गर्रकन फिरतो आणि कठड्यावर आपटून खडखडतो. सिस्टर येऊन सुलटा करतात, त्यांची पाठ वळली की मी पुन्हा फिरतो. फार मजा येते. ही मजा एकदा अंगाशी आली.

घड्याळं दुरुस्त करणारे एक काका भरती झाले. पित्ताशयात खडे. कळ आली की गुडघे पोटाशी घेऊन पडायचे. आता उशीर नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सोबत काकू. आल्या आल्या काकांनी भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे म्हणून स्टूल मागितलं.

सिस्टर म्हणाल्या, “काका, उद्या आम्ही तुम्हाला उघडणार. आज त्याला राहू द्या.”

काका हसले नाहीत. मला वाटलं, विनोद कळला नसेल. संध्याकाळी थंडी वाजते म्हणून त्यांनी पंखा बंद करायला लावला. मग सिस्टरनी दोघांना बसवून समजावलं, “रात्री दहानंतर पाण्याचा थेंबही नाही. पोटात काही असताना भूल दिली, तर ते उलटून फुप्फुसात जातं. जिवावर बेततं.”

“आणि समजा कुणी प्यायलंच, तर?” काकांनी विचारलं.

“तर ऑपरेशन पुढे ढकलतात.”

“अस्सं,” काका म्हणाले.

सकाळी सात वाजता काकू आंघोळ करून आल्या. हातात थर्मास, स्वतःपुरत्या चहाचा. माझ्याकडे बघून थबकल्या आणि त्यांचं तोंड उजळलं. म्हणजे मी हिरवा? कधी फिरलो? खडखडल्याचं तर आठवत नव्हतं.

“अहो, ही पाटी बदललीय का?”

“सिस्टर बदलून गेल्या असतील. ओत तू.”

काका कपभर चहा प्यायले. एवढा सावकाश चहा पिणारा माणूस मी पाहिला नाही.

साडेसातला सिस्टर तयारीला आल्या. अंगठी काढून काकूंच्या हाती दिली, नखं बघितली, गाऊन चढवला. मग कवळी मागितली. कवळी म्हटलं की लोक लाजतात, तोंडावर रुमाल धरतात. काकांनी न लाजता काढून पुढे केली. सिस्टर ती वाटीत ठेवता ठेवता थांबल्या.

“काका, हा चहाचा वास आहे.”

“पाटी बघा की,” काका बोळक्या तोंडाने म्हणाले. “पंख्याच्या वाऱ्याने फिरली असेल. आम्हाला काय ठाऊक.”

सिस्टरनी एकदा वर पाहिलं, एकदा काकांकडे, आणि कवळीची वाटी झाकून ठेवली. ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं. डॉक्टर तापले, ते सिस्टरवर. “माझं लक्ष हवं होतं,” सिस्टर म्हणाल्या. “नाही हो, मीच पाजला. आज याच हातांनी घात झाला असता,” काकू म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या. दुपारी काकांना अशी कळ आली, की कठडा हलला आणि मीही. तेव्हा मला वाटलं, आपण नुसता पत्राच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

सिस्टरनी बँडेजच्या पट्टीने मला दोन्ही कोपऱ्यांना आवळून बांधलं. मग स्टूल ओढून बसल्या.

“भीती वाटते?”

“छे. मला कसली भीती?”

“मला वाटली होती. माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा. भूल देताना दहापासून उलटं मोजायला सांगतात. सातच्या पुढे सहसा कुणी जात नाही. जाग येईल तेव्हा घसा कोरडा असेल, नाकात नळी असेल. ती ओढायची नाही. मी तिथेच असेन.”

काका त्यांच्याकडे कुशीवर वळले. “तुम्ही कितीपर्यंत गेलात?”

“सहा.”

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून काकांना परत आणलं. सिस्टर तिथेच होत्या. शुद्धीवर येताच काका पुटपुटले, “पाच.” काकूंना वाटलं वेळ सांगतायत, मला वाटलं भूल डोक्यात गेली. सिस्टर तेवढ्या हसल्या.

पुढचे दिवस माझ्या डोक्यावरून गेले. चिरलेल्या पोटाच्या माणसाला म्हणे खोकायला लावायचं. “उशी पोटाशी घट्ट धरा आणि खोका, काका. छातीत कफ नको साठायला.” उभं राहवत नाही त्याला चालवायचं. रोज पोटाला नळी लावून आतले आवाज ऐकायचे आणि भरल्या वॉर्डात विचारायचं, “गॅस गेला का?” ज्या आवाजाला घरी नाकं मुरडतात, त्याची इथे सगळे आशेने वाट बघत होते. तिसऱ्या दिवशी तो झाला. सिस्टरनी पट्टी सोडून मला फिरवलं, काकूंनी चमच्याने पाणी पाजलं. पण त्यांचं तोंड काही उजळलं नाही. मी हिरवा होतो की लाल?

घरी जायच्या दिवशी काकांनी घड्याळं उघडणाऱ्या आपल्या बारीक बोटांनी मला हलकेच फिरवून पाहिलं. जराही आवाज झाला नाही.

“या पाटीने माझा जीव घेतला असता,” ते सिस्टरना म्हणाले. “एवढ्याशा वाऱ्याने फिरते.”

मी माफीच मागणार होतो. सांगणार होतो की काकू, माझ्या पोरकटपणाचा दोष तुम्ही स्वतःला लावू नका, आणि सिस्टर, मला यापुढे बांधूनच ठेवा.

काकू चादरीची घडी घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पंखा बंद होता. थंडी वाजते म्हणालात, म्हणून मीच तुमच्या अंगावर दोन चादरी घातल्या होत्या.”