दोन काठ्यांचं अंतर

माझं केस कापायचं दुकान आहे. आता खुर्चीमागे जावई उभा राहतो आणि मी बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतो. या धंद्यात हात चालतो तितकीच जीभ चालवावी लागते. गिऱ्हाईक मान खाली घालून बसलं की त्याचा साहेब, त्याची पाठदुखी, त्याच्या मेव्हण्याचे उद्योग सगळं ऐकायचं आणि मधेमधे 'अरेरे' नाहीतर 'वा' म्हणायचं. आठवडाभर हे केल्यावर सुट्टीच्या दिवशी मला शब्द म्हणून नको असायचा. म्हणून मी गळ घेऊन नदीवर जायचो.

तिथेच मला छाप्या भेटला. तो छापखान्यात मशीनवर होता. त्याच्या कानात आठवडाभर धडधड चालायची, त्यामुळे त्यालाही सुट्टीच्या दिवशी आवाज नको असायचा. आम्ही आपापल्या दगडावर बसायचो ते दोन काठ्यांचं अंतर ठेवून. दोऱ्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून काठावरचे सगळेच तसे बसतात. त्यानं मला 'कात्री' नाव ठेवलं, मी त्याला 'छाप्या'. खरी नावं फार उशिरा कळली, आणि कळून त्यांचा काही उपयोग झाला नाही.

आम्ही बोलत नसू. गांडुळांचा डबा सरकवायचा, चहाचा पेला सरकवायचा, दोरीवर तरंगणारं बूच बुडालं की काठी उचलायची. दोघांनी समोर पाण्याकडे बघायचं. सकाळचं ऊन मागून येऊन पाठीवरून पुढे सरकायचं आणि आमच्या सावल्या पाण्यातून काठावर यायच्या. मासा लागला तर ठीक, नाही लागला तर त्याहून ठीक, कारण मग साफ करायला नको.

आमची ही म्हणायची, "दुकानात तुमच्या जिभेला हाड नाही आणि नदीवर मूग गिळून बसता. घरासाठी काय उरतं?"

"घरासाठी मासा," मी म्हणायचो.

"तोही निम्म्या वेळा नाही."

अशी कित्येक वर्षं गेली. आम्ही दोघं तिथेच म्हातारे झालो. मग एका संध्याकाळी काठी गुंडाळताना छाप्या म्हणाला, "मुलाकडे चाललो. कायमचा."

मी म्हणालो, "बरं."

घरी येऊन हातपाय धुतले, जेवायला बसलो, आणि पहिला घास तोंडाशी नेताना मला कळलं की मी 'बरं' म्हणालो होतो.

तो गेल्यावर मी नदीवर जात राहिलो. पण गप्प बसायलाही दुसरा माणूस लागतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एकट्यानं गप्प बसलं की ते नुसतं बसणं होतं. डबा उजवीकडे सरकवायला हात जायचा आणि तसाच परत यायचा.

छाप्या सुट्टीच्या संध्याकाळी फोन करायचा. आमचं बोलणं असं व्हायचं:

"गेला होतास?"

"गेलो होतो."

"लागलं काही?"

"एक. बोटाएवढं."

"हं."

मग दोघंही गप्प. मला त्याचा श्वास ऐकू यायचा, त्याला माझा. तेवढ्यानं मला बरं वाटायचं. पण तिकडून त्याची सून फोन घ्यायची आणि मोठ्यानं म्हणायची, "काका, ऐकू येतंय का? बाबा, कट झाला वाटतं!" आणि ठेवून द्यायची. दर वेळी हेच. त्या बिचारीला काय माहीत, आमच्या गप्पा रंगात आल्या होत्या.

शेवटी मीच ठरवलं की जायचं आणि त्याला परत घेऊन यायचं. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून आमची पुढची खोली रिकामीच होती. हिला विचारलं तर म्हणाली, "आणा की. निदान तुम्ही उसासे टाकायचे थांबाल. भिंतींना ओल यायला लागलीय."

बसनं त्याच्या शहरात पोचलो. मुलाचं घर उंच इमारतीत, स्वच्छ, पायपुसणंसुद्धा इस्त्री केल्यासारखं. छाप्यानं दार उघडलं. माझ्याकडे सरळ न बघता माझ्या खांद्याकडे बघत म्हणाला, "आलास."

"आलो," मी म्हणालो.

मग आम्ही बैठकीत बसलो. लांबलचक सोफा होता. तो एका टोकाला, मी दुसऱ्या. समोर काचेचं दार, त्यापलीकडे समोरच्या इमारतीची भिंत. आम्ही तिच्याकडे बघत बसलो. सून चहा ठेवून गेली. थोड्या वेळानं कप न्यायला आली. आम्ही तसेच.

"काका, भांडण झालंय का तुमचं?" तिनं काळजीनं विचारलं.

"छे गं."

"मग असे काय बसलात, बसमधल्या अनोळखी माणसांसारखे? रोज विचारत होते बाबा, कात्री कधी येणार, कात्री कधी येणार. म्हटलं आता घर डोक्यावर घेतील!"

"आमचं असंच असतं," छाप्या म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या.

मला 'चल माझ्याबरोबर' एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यभर परक्या माणसांशी तोंड भरून बोललो, आणि या एका माणसाशी दोन शब्द बोलायचे तर जीभ टाळ्याला चिकटली. भिंतीकडे बघून ते जमणार नव्हतं. मी विचारलं, "इथे जवळपास पाणी आहे का?"

"बागेत तळं आहे," सून म्हणाली. "पण बाबा जात नाहीत. किती वेळा म्हटलं."

"आज जाऊ," छाप्या म्हणाला.

रस्त्यात त्यानं माझं कोपर धरलं. इतक्या वर्षांत आम्ही कधी हातात हात दिला नव्हता. मला वाटलं, वयामुळे माणूस मऊ होतो. मीही कोपर तसंच राहू दिलं.

तळं म्हणजे काय, पाळीव पाणी. भोवती लोखंडी कठडा, 'मासे पकडू नयेत' अशी पाटी, बदकाच्या आकाराच्या पायडल मारायच्या होड्या. कडेनं लोक घाम पुसत फेऱ्या मारत होते, जणू तळं त्यांच्यामागे लागलं होतं. आम्ही एका बाकावर बसलो. दोन काठ्यांचं अंतर बाकावर मावेना, तरी दोघं टोकाला सरकलो.

मी सुरुवात केली. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

"नदीला यंदा पाणी चांगलं आहे."

"हं."

"वरच्या डोहापाशी पायवाट नीट केली. आता चप्पल घसरत नाही."

"बरं झालं."

"आमची पुढची खोली रिकामीच असते."

तो चपलेनं खडी उकरत राहिला.

"उजेड चांगला येतो. ही तर म्हणते..." मी थांबलो. मग डोळे मिटून म्हणून टाकलं, "चल माझ्याबरोबर. परत चल. तू नाहीस तर मला तिथे बसवत नाही."

बोलून झाल्यावर मला उघडं पडल्यासारखं वाटलं. समोरून एक बदक-होडी करकरत गेली. छाप्या तिच्याकडे बघत होता, पण होडी पुढे गेली तरी त्याची नजर होती तिथेच राहिली.

"बूच दिसत नाही रे मला," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"डोळ्यांत मधोमध काळा डाग आलाय. जिकडे बघावं तिथे तो. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. मुलानं डॉक्टरला दाखवलं. डोळ्यात सुई टोचतात. आहे तेवढं राहावं म्हणून. ते इथेच होतं, आपल्याकडे नाही."

"कधीपासून?"

"तिथे होतो तेव्हापासूनच. तू म्हणायचास ना, छाप्या डुलक्या काढतोय, त्याचं बूच मासे घेऊन पळतायत. मी डुलक्या काढत नव्हतो."

"मग मला सांगायचं होतंस! मी बघितलं असतं तुझं बूच. सांगितलं असतं, ओढ म्हणून."

"तेच नको होतं. आठवडाभर बोलतोस तू. तो एक दिवस होता तुझा. तिथेही माझ्यासाठी तोंड चालवत बसला असतास. आणि चालवलं असतंस तू, मला माहीत आहे. दिवसभर 'ओढ रे, थांब रे, डावीकडे रे'. मासे हसले असते आपल्याला."

"हसू देत की."

"आणि तू येतच राहिला असतास तसा. कुरकुर न करता." त्यानं नाक ओढलं. "शेवटी शेवटी मला पाणी दिसतच नव्हतं. तू तेवढा दिसायचास. बाजूला बसायचास ना, म्हणून."

मी मान वळवली. तो समोर बघत होता. म्हणजे मला बघत होता.

"येणार नाहीस तर," मी म्हणालो.

"नाही. सुया सोडून कसा येऊ? आणि सून मनानं चांगली आहे. आवाज मोठा आहे एवढंच." मग जरा वेळानं, दुसरीकडेच बघत असल्यासारखं, "पाणी कसं आहे?"

"कुठलं?"

"हे समोरचं, लेका. आता आलोच आहोत तर सांग."

मी पाण्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पाण्याबद्दल एक वाक्य बोलायची वेळ आली नव्हती. "हिरवं आहे."

"हिरवं म्हणजे कसलं? मी शाईत आयुष्य काढलंय, मला नुसतं हिरवं सांगू नकोस."

"शेवाळासारखं. नाही, थांब. कडेला शेवाळासारखं. मधे आभाळ पडलंय, तिथे राखाडी. वारा आला की राखाडीवर चरे पडतात."

"कंगव्यासारखे?"

"बारीक कंगव्यासारखे."

"हं," तो म्हणाला आणि पाय लांब केले. "पुढे?"

पुढे मी बोलत राहिलो. एक मासा वर आला, पाण्यावर वर्तुळ सोडून गेला, ते सांगितलं. वर्तुळ कुठपर्यंत पोचलं, ते त्यानं खोदून विचारलं. पहारेकऱ्यानं शिट्टी वाजवून बाग रिकामी करायला सांगितलं तोपर्यंत माझा घसा बसला होता. दुकानात कधी बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच बसनं परतलो. पुढची खोली हिनं झाडून ठेवली होती, खिडकीला धुतलेला पडदा लावला होता. मला एकटं बघून तिनं ताट वाढायला घेतलं. पडदा मात्र काढला नाही, अजून तसाच आहे.

आता सुट्टीच्या दिवशी मी नदीवरूनच त्याला फोन लावतो. आजूबाजूचे गळवाले सुरुवातीला चिडले. एकजण म्हणाला, "आजोबा, मासे पळवता की काय? क्रिकेटची कॉमेंट्री लावल्यासारखं बोलताय." आता तेच जरा लांब जाऊन बसतात. काठी नेतो, पण गळाला आमिष लावायचं बहुतेक विसरतो. छाप्या खोदून खोदून विचारतो. पाणी चढलंय का, पलीकडची गुरं उतरली का, बगळा त्याच दगडावर आहे का.

परवा म्हणाला, "तू सांगतोस ते काही माझ्या नदीसारखं वाटत नाही. ते वाकडं झाड तू नदीत उतरवलंस. ते पाण्यापासून लांब आहे."

"पाण्यातच आहे. मी काय आंधळा..." म्हणता म्हणता जीभ चावली.

"बोल, बोल," तो हसला. "एक काम कर. ऊठ आणि माझ्या जागेवर जाऊन बस."

मी उठलो. गुडघे धरत दोन काठ्यांचं अंतर चालून गेलो आणि त्याच्या जागेवर बसलो. कधीच बसलो नव्हतो तिथे. नदी तिथून वेगळीच होती. झाड खरंच पाण्यापासून लांब होतं, मधे वाळूची जीभ होती आणि तिच्यापलीकडे वळणावर पाणी चकाकत होतं. माझ्या दगडावरून ते वळण कधी दिसलं नव्हतं. आयुष्यभर शेजारी बसून आम्ही दोघं दोन नद्या बघत आलो होतो.

मी त्याला सगळं सांगितलं. वाळू, वळण, चकाकी. तो मधे एकदाही बोलला नाही. फोनमध्ये सुनेचाही आवाज आला नाही. तिला आता सवय झाली असावी.

"हां," शेवटी तो म्हणाला. "हीच. आता डावीकडे बघ."

"डावीकडे काय?"

"तुझा दगड. मला तेवढंच नीट दिसायचं. सांग, काय दिसतंय?"

मी डावीकडे बघितलं. दगडावर ऊन आलं होतं. बाजूला गांडुळांचा डबा उघडाच राहिला होता.

"कोणी नाही रे," मी म्हणालो.