समोरचं घर

आप्पांचं आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचं, यमुनाआक्काचं, घर समोरासमोर. मध्ये फक्त रस्ता. ती ओट्यावर तांदूळ निवडायला बसली की आप्पांना इकडून तिचं सूप दिसायचं. चहाचं आधण ठेवून ती हाक मारायची आणि पाणी उकळायच्या आत आप्पा तिकडे पोचायचे.

मग विकास झाला. रत्नागिरीत शिरणारा हा रस्ता चौपदरी झाला, मधोमध दुभाजक आला, आणि गाड्या अशा सुटल्या की जणू सगळ्यांच्याच घरी दूध उतू चाललंय. पायी ओलांडायला जागा ठेवायचं कुणाला सुचलं नाही. शहर बसचा थांबाही रुंदीकरणात गेला. एकतीस वर्षं घाटातून एसटी चालवलेले, एकदाही कुणाला खरचटू न दिलेले आप्पा कडेला उभे राहायचे, एक पाय पुढे टाकायचे आणि मागे घ्यायचे. त्यांना त्या रस्त्याची भीती वाटायची, आणि भीती वाटते याची त्याहून जास्त लाज वाटायची. आठ महिने ते आक्काच्या चहाला गेले नव्हते.

मुलगा हर्षद म्हणाला, "त्यात काय, गाडी घेऊ."

गाडी आली. अंगणात मावेना म्हणून फाटकाबाहेर, जिथून माणसं चालायची तिथेच उभी राहिली. आता समोरच्या घरी जायचं तर दोन किलोमीटर पुढे, मग वळसा, मग तेवढंच परत. तेही हर्षदला सवड असेल तेव्हा. सवड त्याला रविवारी असायची, आणि रविवारी तो गाडी धुवायचा.

भाऊबीजेला मात्र जायचंच होतं. आप्पांनी इस्त्रीचा सदरा चढवला, आक्काचं पातळ पिशवीत घेतलं, निघालो म्हणून तिला फोन केला आणि गाडीत बसले. शहरातले यच्चयावत भाऊ त्याच वेळी गाड्या काढून निघाले होते. फाटकापासून वीस पावलांवर गाडी थांबली ती थांबलीच. काचेतून आक्का दिसत होती. ताट घेऊन ती ओट्यावर उभी होती आणि वाऱ्याने निरांजन विझलं की पुन्हा लावत होती. तिसऱ्यांदा तिची काडी पेटेना, तेव्हा आप्पांनी घड्याळ पाहिलं.

"पाऊण तास झाला," ते म्हणाले.

"एसी वाढवू का?" हर्षदने विचारलं.

आप्पांनी ड्रायव्हरच्या जुन्या नजरेने पुढे-मागे पाहिलं. दोन्ही बाजू गच्च. एकाही गाडीचं चाक हलत नव्हतं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच हा रस्ता चालण्याजोगा झाला होता. त्यांनी दार उघडलं.

"अहो आप्पा, अपघात होईल."

"कशाने रे?"

गाड्यांच्या फटीतून वाट काढत, दुभाजकावर बूड टेकून पलीकडे पाय सोडत, पिशवी छातीशी धरून आप्पा पोचले. आक्काने कुंकू लावलं, ओवाळलं, आणि रस्त्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"हर्षद कुठेशी राहिला?"

"गाडीने येतोय. येईल दिवेलागणीपर्यंत."

थोड्या वेळाने वाहतूक सुटली. वळसा घालून हर्षद दारावरून गेलाही, पण गाडी लावायला कुठे जागाच नव्हती. हॉर्न वाजवून, हात हलवून तो पुढे निघून गेला.

"आता परत कसा जाशील रे तू?" आक्काने विचारलं.

"पुढच्या सणाला."

आक्का हसली नाही. "वायच बस," म्हणाली, आत गेली, पदराने डोळे पुसले आणि आठ महिन्यांनी दोन कपांचं आधण ठेवलं.