खिडकीतल्या भुताचे ओठ

माझी धाकटी बहीण बेरिल आयुष्यात एकाच सिनेमात दिसली, आणि तीही भूत म्हणून. 'शेवटच्या पाळीची बाई' हे त्याचं नाव. थिएटरात तो कधी लागलाच नाही. नुसती व्हिडिओ कॅसेट निघाली आणि भाड्याने देणाऱ्या दुकानात सगळ्यांत खालच्या फळीवर जाऊन पडली. उत्तर इंग्लंडातल्या आमच्या नेल्सन गावात मात्र ती घरोघर बघितली गेली, कारण शूटिंग आमच्याच बंद पडलेल्या कापडगिरणीत झालं होतं आणि सिनेमात भुताच्या हातून अर्धं गाव मेलं होतं. कॅसेटच्या खोक्यावर बेरिलचा चेहरा होता, खिडकीच्या काचेआडून हसणारा. ते हसू बघून मोठमोठ्या बाप्यांची झोप उडायची म्हणे.

मी तो सिनेमा बघितला नव्हता. ऑक्टोबरात शूटिंग झालं आणि जानेवारीत बेरिल गेली. पोटाचा कॅन्सर. तिला उन्हाळ्यापासून माहीत होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाला. नवऱ्याला सांगितलं नाही ते मी समजू शकते; क्लिफला साधी सर्दी झाल्याचं सांगितलं तरी तो पबमध्ये जाऊन बसायचा. पण मला? आम्ही एका पलंगावर झोपून मोठ्या झालो, शेजारशेजारचे माग चालवले, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. क्लिफ ब्लॅकपूलला दुसरं लग्न करून मोकळा झाला. तिची पोरगी केरी मी वाढवली आणि बेरिलवरचा रागही वाढवला. थडग्यावर फुलं घेऊन जायची आणि तिथेही भांडून यायची.

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर केरीने पिशवीतून एक डिस्क काढली.

"मावशी, चिडू नकोस हं."

"म्हणजे चिडण्यासारखंच आहे काहीतरी."

"आईचा सिनेमा. नव्याने काढलाय. चित्र अगदी स्वच्छ केलंय."

"त्या फडतूस भुताटकीला आंघोळ घातली का मेल्यांनी!"

ती हसली नाही. शाळेत पोरं तिला भुताची पोर म्हणायची. लहानपणी एकदा शेजाऱ्यांकडे तिने ती कॅसेट चोरून पाहिली आणि मग कितीतरी दिवस दिवा लावून झोपली. आईला हलताना-चालताना बघायचं तर पोरीकडे एवढं एकच होतं, आणि त्यालाच ती भ्यायची. माझ्या जिवाला ते फार लागायचं.

"खिडकीत उभी असताना आईचे ओठ हलतात," केरी म्हणाली. "ती किंकाळी दुसऱ्याच कुठल्या बाईची, मागाहून घातलेली. पण आई काहीतरी बोलतेय गं. इंटरनेटवर लोक म्हणतात, लॅटिनमधला शाप आहे."

"बेरिल आणि लॅटिन? अगं, ती चर्चमधली गाणीसुद्धा नुसते ओठ हलवून म्हणायची."

"म्हणून तर तुला विचारतेय. तुम्ही दोघी मी-मॉ करायचात ना?"

करायचो म्हणजे काय! मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून आम्ही विणणाऱ्या बाया आवाज न काढता, ओठ ताणून, भुवया उडवून बोलायचो. तीच मी-मॉ. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुणाचं लफडं आणि कुणाला दिवस गेले ते क्षणात पोचायचं. सवय इतकी हाडीमाशी खिळली होती की बायकांची दुखणी आम्ही घरातसुद्धा मोठ्याने बोलत नसू. 'गर्भाशय' हा शब्द मी आईच्या तोंडून कधी ऐकला नाही, नुसता पाहिला.

"लाव," मी म्हटलं. कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं. त्या परक्या बाईची किंकाळी मला नको होती.

शूटिंगचा तो दिवस मला चांगला आठवत होता. लांब मफलरवाला तो दिग्दर्शक पोरगा बेरिलला म्हणाला होता, "नुसतं खाली बघा आणि तोंड उघडा." मी खाली अंगणात कॅमेऱ्याच्या शेजारी केरीला कडेवर घेऊन उभी होते.

पडद्यावर बेरिल खिडकीशी आली. तोंडाला पीठ फासलेलं. तिने थेट माझ्याकडे पाहिलं आणि ओठ ताणले. टोपी घाल तिला, वारं सुटलंय.

"टोपी घाल म्हणतेय तुला," मी केरीला सांगितलं. तेवढं मला तेव्हाही कळलं होतं. मी मान खाली घालून टोपीचे बंद बांधले होते. केरी वळवळत होती आणि मी मान हलवत तिला "हो, हो, झालं हं" म्हणत होते. वर पाहिलं तेव्हा खिडकीत कुणी नव्हतं.

केरीने माझा दंड धरला आणि पडद्याकडे बोट केलं. बेरिलचे ओठ अजून हलत होते.

मी तिला ते परत मागे घ्यायला लावलं.

विनी, माझ्या पोटात गाठ आहे. मी काही यातून वाचत नाही. तोंडाने सांगायला गेले तर रडू येईल, म्हणून इथून सांगते. पोरगी तुझी. चालेल ना?

मग तिने खाली बघत वाट पाहिली. खाली माझी मान हलत होती. तीन मजल्यांवरून तिला तेवढंच दिसलं असणार. आणि मग बेरिल हसली. खोक्यावरचं तेच हसू. पीठ लावलेलं होतं तरी मला ते ओळखू आलं. लहानपणी अंधारात मी तिचा हात धरला की ती अशीच हसायची.

हॉस्पिटलात शेवटी तिने माझी बोटं दाबली होती. "तुला तेव्हाच सांगून टाकलं, बरं झालं ना गं?" औषधाच्या गुंगीत बरळतेय असं समजून मी म्हटलं होतं, "हो, फार बरं झालं." त्यानंतर ती शांत झोपली. आणि मी एवढी वर्षं तिच्या थडग्याशी जाऊन भांडत होते. माझ्या बहिणीने मला सांगितलं होतं. सगळ्यांत आधी मलाच सांगितलं होतं.

केरी माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. काय म्हणाली ते मशीन काढल्यामुळे ऐकू आलं नाही, पण ओठ वाचता आले. आई काय म्हणाली?

मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. मग जसं जमत होतं तसं, ओठ ताणून सांगितलं.

केरीने मान हलवली. कळलं नाही, हळू सांग.

मी पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागले. माझं सांगून होईपर्यंत तिने एकदाही मान खाली घातली नाही.