ओंकारच्या वाढदिवसाचा फ्लेक्स

फॉन्टचं लायसन्स मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा माझ्या फ्लेक्सच्या दुकानात आलं तेव्हा मला हसूच आलं. आमच्या पिंपळे गुरवात लोक गाडीचं लायसन्स बाळगत नाहीत, अक्षरांचं कुठून आणणार? पण काम चाकणच्या कंपनीचं होतं. लायसन्स दाखवा, नाहीतर ऑर्डर रद्द. झक मारत मी ‘दत्तोबा’ फॉन्ट रीतसर विकत घेतला आणि इतकी वर्षं वापरलेली चोरीची कॉपी कॉम्प्युटरवरून उडवली.

हा फॉन्ट म्हणजे दत्तोबा पेंटरांच्या हातची अक्षरं. ते गेल्यावर त्यांच्या मुलीनं, उत्कर्षानं, जुन्या पाट्यांवरून तो बनवला. लायसन्समध्ये एक अट होती: मृतांच्या नावासाठी वापरू नये. दत्तोबांनी हयातीत कधी मेलेल्याचं नाव रंगवलं नव्हतं म्हणे. म्हाताऱ्याचा हट्ट, दुसरं काय, असं म्हणत मी ‘मान्य’ दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालनमावशी आल्या. त्यांचा मुलगा ओंकार काही वर्षांपूर्वी चाकणला सेकंड शिफ्टला म्हणून गेला, तो परतलाच नाही. गाडी सापडली नाही, फोन लागला नाही. तेव्हापासून दर वर्षी त्या चौकात त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावतात. कुठूनतरी जाताना वाचेल आणि घरी येईल, एवढीच आशा.

मी मागच्या वर्षीची फाइल उघडली. फोटो होता, शुभेच्छा होत्या, नावाची जागा कोरी. पुन्हा टाइप केलं. कर्सर पुढे सरकला, पण मागे अक्षर उमटलं नाही.

फॉन्ट नीट बसला नसेल म्हणून पुटपुटत माझं नाव टाकलं, निरंजन. ठसठशीत आलं. मावशींचं, शालनबाई. आलं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं, बुद्धरत्न. तेही आलं. मग का कोण जाणे, तोंडानं म्हणत माझ्या वडिलांचं टाकलं. हिंदुराव. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

ओळ कोरीच राहिली. त्या फॉन्टपेक्षा जास्त भीती मला मागे वळून मावशींकडे बघायची वाटत होती.

“काय रं, नाव कुठाय?” त्यांनी विचारलं.

“फॉन्ट नवीन आहे मावशी. दुसरा लावू का?”

त्या स्क्रीनजवळ आल्या. “तुझ्या बापाचं बी न्हाई आलं व्हय?”

“नाही.”

मावशी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्या होत्या.

“मंग इतकी वर्सं कसं येत हुतं?”

“ती चोरीची कॉपी होती. तिला कसली अट नव्हती.”

“मंग तीच लाव.”

मी पेनड्राइव्ह शोधून ती कॉपी परत टाकली. ओंकार. अक्षरं लगेच उमटली, दरवर्षीसारखी. मावशींनी स्क्रीनवर हात ठेवला आणि नावावरून बोट फिरवत राहिल्या.

“हाय की,” त्या म्हणाल्या. “हाय.” आणि माझ्याकडे न बघता फ्लेक्सचा साइझ सांगू लागल्या.