चुळबुळणाऱ्यांनी माझ्यावर बसू नये

मी खुर्ची बोलतेय. उभ्यानेच ऐका. माझ्यावर बसायचा हक्क सध्या एकाच माणसाचा आहे, आणि तो इतक्यात उठणार नाही.

मला नीट पाहून घ्या. मेपलचं लाकूड, हिरवा रंग, त्याचे निघालेले पोपडे आणि डाव्या मागच्या पायाला तारेचे वेढे. मोडकी म्हणालात तर याद राखा. मी मोडले नाही, मला मोडलं.

वादळात पडलेल्या एका झाडातून क्लेमच्या वडिलांनी मला घडवलं, क्लेमच्या लग्नासाठी. ते स्वतः ताडमाड, म्हणून माझी बैठकही उंच. माझी जागा विस्कॉन्सिनच्या या शेतावर, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी. क्लेमचा धाकटा मुलगा ड्वेन जेवताना मागे रेलून माझ्या दोनच पायांवर झुलायचा. "ड्वेन, पाय टेकव!" त्याची आई रोज ओरडायची. एका रविवारी व्हायचं तेच झालं. ड्वेनला खरचटलंसुद्धा नाही, माझा मात्र पाय गेला. क्लेमने सरस लावला, तार आवळली, आणि तेव्हापासून मी कुरकुरते.

पण उगाच नाही कुरकुरत. स्थिर बसणाऱ्याखाली मी चकार शब्द काढत नाही. चुळबुळणाऱ्याची चुगली मात्र साऱ्या रानाला ऐकवते.

पुढे घरात पोलादी पायांच्या चकचकीत खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी शेताच्या टोकाला, शिकारीच्या झोपडीत झाली. आधी अपमान वाटला. मग लक्षात आलं, की क्लेमने त्या झोपडीची खिडकी माझ्या उंचीच्या मापानेच कापली होती. म्हातारा मला टाकत नव्हता, सोबत नेत होता.

खिडकीसमोर मक्याची एक पट्टी. ती क्लेम कापत नाही, हरणांसाठी उभीच ठेवतो. त्यापलीकडे देवदारांची दलदल. हरणं तिथे राहतात. सप्टेंबरात धनुष्याचा हंगाम सुरू होतो, नोव्हेंबरात बंदुकीचा, आणि डिसेंबरात, बर्फ पडल्यावर, ठासणीच्या बंदुकीचा. क्लेमचा जीव त्या शेवटच्या हंगामात. त्याआधी तो झोपडीत फारसा फिरकायचाच नाही. आलाच तर वारा दलदलीकडून येत असेल तेव्हा, म्हणजे आपला वास हरणांपर्यंत जाऊ नये म्हणून, पायी, आवाज न करता. "आपण हरणांवर नजर ठेवतो ना," तो त्याच्या मुलीला, ऱ्होंडाला सांगायचा, "त्याच्या दुप्पट ती आपल्यावर ठेवतात."

गेल्या उन्हाळ्यात क्लेमच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, डिसेंबरपर्यंत कदाचित चालाल. कदाचित या शब्दावर म्हातारा जगत होता. वय एवढं झालेलं, की हा हंगाम हुकला तर पुढचा मिळेलच असं कोणी म्हणेना.

आणि तेवढ्यात सप्टेंबर उजाडला.

ड्वेन रोज संध्याकाळी यायला लागला. चार जाड चाकांची त्याची फटफटी थेट झोपडीच्या दारापर्यंत. वारा कुठूनही वाहो, साहेब हजर. चिप्सचं पाकीट, फोन आणि माझ्यावर बसून झुलणं! सवय काही गेली नव्हती. मी जिवाच्या आकांताने कुरकुरायचे.

"गप गं, मेले!" तो माझ्या पायाला लाथ मारायचा.

लाथा मारून कोणी गप्प झालंय का कधी?

त्या दलदलीची मालकीण म्हणजे फाटक्या कानाची एक म्हातारी हरणी. पहिल्या दिवशी तिने मान वर केली. दुसऱ्या दिवशी पाय आपटला. मग एकदा नाकातून असा फुत्कार सोडला, की सगळा कळप पांढऱ्या शेपट्या उभारून पसार झाला. ऑक्टोबर लागेपर्यंत मक्याकडे उजेडात एकही हरीण येईना. ड्वेन आणखी लवकर येऊन आणखी उशिरापर्यंत बसायला लागला. ज्या वर्दळीने हरणं पळाली तीच तो दुप्पट करत होता.

एके दिवशी दुपारी ऱ्होंडा आली. दारात चाकांनी पाडलेले चर पाहिले, चिप्सची पाकिटं पाहिली. तिने मला उचललं, डोक्यावर पालथी घातली आणि शेत तुडवत घरी आणून टेबलाशी ठेवलं.

"बाबा, डॉक्टरांनी बुटक्या खुर्चीवर बसू नका म्हटलंय ना? ही घ्या उंच."

क्लेम बसला. उजवा खुबा नवा, म्हणून सगळा भार डावीकडे, माझ्या मोडक्या पायावर. तरी मी कुरकुरले नाही.

संध्याकाळी ड्वेन तणतणत आला. "खुर्ची कुठाय?"

"बाबांच्या खाली," ऱ्होंडा सूप ढवळत म्हणाली.

"मग मी कशावर बसू?"

"घरी बस. डिसेंबरपर्यंत झोपडी बंद."

"तू कोण बंद करणारी? ऱ्होंडा, मी काय मजा म्हणून जातो? बाबांना आता जमणार नाहीये. त्यांच्या ताटात या वर्षी हरणाचं सॉसेज पडावं म्हणून मरतोय मी तिकडे!"

"त्यांना सॉसेज नकोय रे गाढवा. त्यांना तिथे बसायचंय."

ड्वेनने बापाकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही तरी सांगा हिला. उठा जरा."

क्लेमने पावाचा तुकडा सुपात बुडवला. "मी नाही उठत," तो म्हणाला. "खुबा दुखतो."

वा रे म्हाताऱ्या! खुबा दुखत नव्हता, मला तो खालून कळत होता.

दुसऱ्या दिवशी ड्वेन बादली घेऊन झोपडीत गेला म्हणे. बादलीवर बसलं की खिडकीतून फक्त आभाळ दिसतं. मग एक पोलादी खुर्ची नेली. तिचे पाय फळ्यांवर असे ठणठणले, की अर्धं रान जागं झालं. शेवटी तो नाक मुरडून मित्रांच्या रानात जायला लागला. जाईना का! नोव्हेंबरात चहूकडून बंदुका धडाडल्या, शेजारपाजारच्या रानातून नारिंगी कोटवाल्या शिकाऱ्यांनी हरणांना पळता भुई थोडी केली. आमच्या दलदलीत मात्र माणसाचा पाय पडला नव्हता; पळालेली हरणं तिकडेच वळली. ऱ्होंडा रस्त्यावरून दुर्बिणीने बघायची आणि घरी येऊन बापाच्या कानात काहीतरी सांगायची. म्हातारा माझ्यावर बसल्या बसल्या गालात हसायचा.

डिसेंबरात बर्फ पडला. वारा दलदलीकडून यायला लागला त्या दुपारी ऱ्होंडाने घसरगाडी काढली. "बसा, बाबा. ओढत नेते."

"मी काय लाकडाचा ओंडका आहे?" क्लेम गरजला. "चालेन मी."

मग घसरगाडीवर मी बसले आणि क्लेम काठी टेकत मागून आला. बापाची बंदूक खांद्याला अडकवून ड्वेनही निघाला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण कोणी हाकललंही नाही. झोपडीत तो बापाशेजारी बादलीवर बसला, आभाळ बघत. ऱ्होंडा दाराशी टेकली.

थंडी लाकडात शिरत होती. थंडीत मी जास्तच कुरकुरते, हे मला माहीत होतं. क्लेमचा भार डावीकडे. तारेखालचा सांधा जागा झाला होता. जरा जरी आवाज गेला असता, तर दोन महिन्यांची शांतता फुकट जाणार होती आणि म्हाताऱ्याचा हंगामही.

उजेड कलायला लागला तेव्हा फाटक्या कानाची हरणी मक्यात आली. मागून एक, मग दोन, मग अख्खा कळप.

"मोठी घ्या, बाबा," ड्वेन खालून कुजबुजला. दिसत त्याला काही नव्हतं, पण बापाचा श्वास बदललेला कळला होता.

क्लेमने नकाराची मान हलवली. "ती आली म्हणून बाकीच्या आल्या," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. कडेला उभ्या असलेल्या एका तरण्या मादीकडे त्याने नळी वळवली. वळताना त्याचं सगळं वजन माझ्या मोडक्या पायावर आलं. हरणीने मान वर केली. सरळ आमच्याकडे बघत राहिली. लाकडाला हट्ट करता येतो की नाही ते तुम्ही ठरवा. मी केला. त्या पायाने जे कधी सोसलं नव्हतं ते सोसलं आणि मूग गिळून उभी राहिले.

हरणीने मान खाली घातली.

बार झाला. झोपडी धुराने भरली. धूर निवळला तेव्हा तरणी मादी जागेवरच पडली होती आणि पांढऱ्या शेपट्या दलदलीत शिरत होत्या. क्लेम मागे रेलला, पार मागे, माझ्या दोन पायांवर, आणि लहान पोरासारखा हसायला लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्याखाली कुरकुरले. मनसोक्त, बेंबीच्या देठापासून कुरकुरले.

"बाबा, पाय टेकवा," ड्वेन म्हणाला.

शिकार त्यानेच घरी ओढून नेली. मग परत येऊन मला खांद्यावर घेतलं. वाटेत ऱ्होंडाला विचारलं, "उद्या मी बसू का गं? एकदाच?"

"खुर्ची घरी चाललीये," ऱ्होंडा म्हणाली.

आता मी पुन्हा स्वयंपाकघरात आहे, त्या चकचकीत पोरींच्या शेजारी. क्लेम माझ्यावर बसून सॉसेज कापतो. सप्टेंबर येईल, कोणाचे तरी हात शिवशिवतील, फटफटीला चावी लागेल आणि कोणीतरी मला न्यायला येईल. या की. खुशाल या. आधी म्हाताऱ्याला उठवून दाखवा.